परिसरातील सोयरे : खोडावरची साक्ष

पोळा आटोपतो, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होऊन जाते, आणि मग पावसाचा जोर हळूहळू ओसरू लागतो. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात हा काळ वनस्पतिजीवन न्याहाळण्यास फार अनुकूल असतो. मोहगावच्या शिवारातून या दिवसांत सहज फेरफटका मारावा, तर धुऱ्यावरच्या जुन्या मोहाच्या, पांदणीकाठच्या बाभळीच्या किंवा देवळाजवळच्या एखाद्या वृद्ध आंब्याच्या खोडावर अर्धचंद्राकृती, फळीसारखी आडवी वाढलेली एक वस्तू दृष्टीस पडते. तिला देठ बहुधा नसतो. वरची बाजू तपकिरी, कधी लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत. कडा पांढरट वा पिवळसर. आणि हात लावून पाहावे तर लाकडाइतकी टणक. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवून दोन दिवसांत विरघळणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीशी तिचे काही नाते असेल, असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. तथापि ते नाते आहे, आणि बरेच जवळचे आहे. ही खोडावरची आळंबी होय.

गावात तिच्याविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, झाड आतून गेले. उद्या कोणाच्या अंगावर पडण्याआधी तोडून टाका. दुसरा पक्ष म्हणतो, झाड देवाचे आहे, आजवर उभे राहिले तसे पुढेही राहील. आळंबी तेवढी कोयत्याने खरवडून काढली की झाले. शंभर वर्षांच्या झाडाचा निकाल पुष्कळदा या दोहोंपैकी ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने लागतो. म्हणून ही आळंबी खरोखर काय सांगते, याचा विचार या महिन्यात आपण करणार आहोत.

प्रथम तिची ओळख करून घेऊ. आपल्या दृष्टीस पडते ती फळी म्हणजे त्या बुरशीचे फळ. आंब्याच्या झाडाला आंबा तशी ती. मूळ जीव असतो तो खोडाच्या आत, सुतापेक्षा कितीतरी बारीक अशा असंख्य तंतूंच्या रूपाने लाकडात पसरलेला. वर्षानुवर्षे, कधी दहा-वीस वर्षे, तो आतल्या आत लाकूड पचवीत राहतो आणि पुरेसा पोसला गेला म्हणजे बाहेर फळ धरतो. या फळीची खालची बाजू भिंगातून पाहिली, तर तिच्यावर सुईच्या टोचणीएवढी सूक्ष्म छिद्रे दाटीने दिसतात. छत्रीसारख्या आळंबीच्या खाली जशा पडद्या असतात, तशी येथे ही छिद्रे. त्यांतून बीजाणू गळतात. गॅनोडर्मा या वंशातील एका मोठ्या आळंबीतून एका दिवसात सुमारे ३,००० कोटी बीजाणू बाहेर पडतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी केलेला आहे. मग गावातील प्रत्येक झाड तिने का पोखरले नाही, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर पुढे येईल.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. ही फळी नेहमी जमिनीस समांतर वाढते, कारण बीजाणू सरळ खाली गळावेत अशी तिची रचना असते. झाड वादळात आडवे झाले, तर त्यानंतर येणाऱ्या फळ्या नव्या जमिनीस समांतर म्हणजे जुन्या फळ्यांशी काटकोन करून येतात. पडलेल्या ओंडक्यावर दोन्ही प्रकारच्या फळ्या दिसल्या, तर बुरशी झाड उभे असतानाच शिरली होती, हे कोणालाही ओळखता येते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लाकूड कुजते म्हणून आळंबी येते, की आळंबी येते म्हणून लाकूड कुजते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानही पहिलेच उत्तर देत असत. कुजक्या वस्तूतून बुरशी आपोआप उत्पन्न होते, असा समज होता. जर्मनीतील वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७४ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले की, कुजलेल्या लाकडातील तंतू आणि बाहेरची फळी हा एकच जीव आहे, आणि कुजणे हे त्याच जीवाचे कार्य आहे. वृक्षरोगशास्त्राचा पाया या शोधाने घातला गेला.

लाकडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात. सेल्युलोज हे धाग्यांसारखे, आणि लिग्निन हे त्या धाग्यांना घट्ट धरून ठेवणारे. भिंतीच्या बांधकामात विटा आणि चुना असावा तसे. काही बुरशा केवळ सेल्युलोज खातात. मग लाकूड तपकिरी पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि बोटाने चुरडले की भुकटी होते. दुसऱ्या प्रकारच्या बुरशा लिग्निनही पचवितात. मग लाकूड पांढरट, मऊ आणि रेषाळ होते. लिग्निन पूर्णपणे पचविण्याचे सामर्थ्य सजीव सृष्टीत फार थोड्यांना लाभलेले आहे, आणि त्यांत या पांढरी कूज करणाऱ्या बुरशांचा मान पहिला. त्यासाठी त्या वापरतात ते एक महत्त्वाचे पाचकद्रव्य शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते १९८३ मध्ये. आपल्या रानातील पानगळीच्या झाडांवर, म्हणजे साग, धावडा, ऐन, सालई, मोह यांच्यावर, ज्या फळ्या आढळतात त्यांपैकी बहुसंख्य याच दुसऱ्या वर्गातील असतात. त्या नसत्या, तर पडलेले लाकूड रानात साठतच गेले असते आणि त्यात अडकलेले सत्त्व मातीला परत मिळाले नसते.

हार्टिग यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी या विषयात आणखी एक पाऊल पडले. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या अंतरंगाचा अभ्यास केला आणि १९७० नंतरच्या दशकात आपले निष्कर्ष मांडले. त्यांचा सारांश असा की, प्राण्याची जखम जशी नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड जखमी भाग दुरुस्त करीत नाही. तो कोंडून टाकते. जखमेच्या वर-खाली, आत आणि बाजूंना ते एकामागून एक बांध घालते, आणि त्यापलीकडे दरवर्षी नवे निरोगी लाकूड रचीत जाते. बुरशी त्या कोंडवाड्यात शिरली, तर बहुधा तेथेच अडकून पडते. म्हणूनच आतून पोकळ असलेला मोह पुढे कित्येक वर्षे पालवतो आणि फुलांचा सडा घालतो. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरच्या कोवळ्या लाकडातून चालते. मधला गाभा मृतच असतो. गाभा गेला म्हणजे झाड मेले असे होत नाही.

कोट्यवधी बीजाणू हवेत असूनही प्रत्येक झाड का पोखरले जात नाही, याचे उत्तरही येथेच मिळते. धडधाकट साल असलेल्या खोडात या बुरशांपैकी बहुतेकींना शिरकाव नाही. त्यांना दार लागते, आणि ते दार म्हणजे जखम. वीज कोसळून, वाऱ्याने फांदी मोडून, किड्यांनी पोखरून जखमा होतात हे खरे. परंतु आमच्या गावाभोवतीच्या झाडांकडे डोळसपणे पाहिले, तर अधिक जखमा माणसाच्या हातच्या आहेत, असे कबूल करणे भाग पडते.

मोहाचेच उदाहरण घ्या. ज्या झाडाचे नाव आमचे गाव मिरविते, त्याच्या बुंध्याशी फाल्गुन-चैत्रात पालापाचोळा पेटवून देण्याची रीत मध्य भारतात सर्वत्र आहे. जमीन स्वच्छ झाली म्हणजे पहाटे गळलेली फुले वेचणे सोपे जाते, हा त्यामागचा हेतू. आग लहान असते, पण ती दरवर्षी त्याच बुंध्याशी लागते. एका बाजूची साल भाजून सुटते, उघडे लाकूड तडकते, आणि पुढच्या पावसाळ्यात बीजाणूंना आयते घर मिळते. ज्या झाडाने आजी-पणजीच्या काळापासून घराला फुले दिली, तेल दिले, टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार दिला, त्याचे आयुष्य त्या आगीने कमी होते. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून फुले झेलणे यापेक्षा अवघड नाही. फुले मातीविना मिळतात आणि त्यांना भावही बरा येतो. अलीकडे मध्य प्रदेशातील अनेक भागांत जाळ्यांचा असा उपयोग होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

दुसरे उदाहरण फांद्यांच्या छाटणीचे. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या ओढून तोडल्या जातात. विजेच्या तारांखाली येणाऱ्या फांद्या कोठेही मधेच कापून वीतभर खुंट सोडले जातात. असा खुंट झाडाला झाकता येत नाही. तो वाळतो, कुजतो, आणि कूज खोडात नेऊन पोहोचविणारी वाट ठरतो. उलट कोणी फांदी खोडाशी अगदी सपाट तासून काढतो, तेही घातकच. फांदी जेथे खोडास मिळते तेथे किंचित फुगीर कडे दिसते. झाडाची बांध घालण्याची शक्ती त्या कड्यात असते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडे दुखवू नये, आणि खुंटही ठेवू नये. फांदी जड असेल, तर आधी दूर अंतरावर खालून एक काप द्यावा, म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलून नेत नाही.

तिसरे उदाहरण श्रद्धेपोटी घडते, म्हणून ते सांगताना जपून बोलावे लागते. देवळाजवळच्या वड-पिंपळाभोवती किंवा आंब्याभोवती आपण सिमेंटचा पार बांधतो, फरशी घालतो, मुळाशी भराव टाकतो. मुळांना हवा लागते. ती कोंडली की मुळे मरू लागतात, आणि मेलेल्या मुळांतून बुंध्याची कूज वर चढते. खिळे ठोकून लावलेले फलक, दिव्यांच्या माळांच्या तारा, खोडात रुतलेले लोखंडी कठडे, हीही सारी दारेच. पूर्वीचे पार दगड-मातीचे असत आणि त्यांतून पाणी झिरपे. त्या रीतीत शहाणपण होते.

आमच्याकडील बहुतेक घरांचा जीव संत्र्याच्या बागेत गुंतलेला असतो, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. बागेत वाळलेली सल वेळच्या वेळी काढावी, असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्याचे कारण हेच की, वाळकी काडी बुरशीला आश्रय देते आणि तेथून ती जिवंत फांदीत उतरते. सल काढल्यावर आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. त्याचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी असे होय. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नये. मात्र हा मलम मुख्यतः डिंक्या आणि पायकूज यांच्या बंदोबस्तासाठी आहे. संत्र्याच्या बुंध्याशी चकचकीत तपकिरी फळी उगवलेली दिसली, तर मुळे आधीच गेलेली असतात, आणि वरून कितीही लेप दिला तरी ती परत येत नाहीत. असे झाड मुळांसकट काढून जाळणे आणि तेथली माती उन्हात तापू देणे, हाच मार्ग शेजारच्या झाडांच्या हिताचा. बागेतले झाड आणि धुऱ्यावरचा मोह यांना येथे एकच न्याय लावता येत नाही.

या बुरशांचे कुळ किती पुरातन आहे, याची साक्ष आमच्याच भूमीत आहे. सौंसरच्या परिसरातील काळ्या बेसॉल्टच्या थरांमध्ये चकमकीसारख्या कठीण दगडाचे पट्टे सापडतात. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील शांततेत तळ्याकाठी वाढलेल्या वनस्पती त्यांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दगड होऊन राहिल्या. लखनौचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी आणि एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये या दगडांतील वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत पाण्यावर तरंगणारे शेवाळी नेचे आहे, सौंसरचे नाव धारण करणारी एक कारा वनस्पती आहे, आणि एक बुरशीही आहे. ती फळीची आळंबी नव्हे, वेगळ्या कुळातील आहे. परंतु मेलेले झाडपाले पुन्हा मातीत मिळविण्याचा व्यवसाय या भूमीत तेव्हाही चालू होता, हे ती सांगते.

चकमकीचा उल्लेख आला, म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. आगपेटी घरोघरी येण्यापूर्वी आपल्याकडे चकमकीची ठिणगी सावरीच्या कापसावर झेलीत. युरोपात तेच काम पानगळीच्या झाडांवर उगवणाऱ्या एका आळंबीचा गर कुटून, वाळवून केलेल्या मऊ पदार्थावर होत असे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. त्याच्या सामानात ही आग धरणारी आळंबी होतीच. शिवाय भूर्जाच्या जातीच्या झाडावर वाढणाऱ्या दुसऱ्या आळंबीचे दोन तुकडे कातड्याच्या पट्टीत ओवलेले होते. ते त्याने औषधासाठी बाळगले असावेत, असा तर्क आहे.

औषधाची ही परंपरा मराठी घरांनाही अपरिचित नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात फणसाच्या खोडावर वाढणारी आळंबी फणसआळंबे वा फणसांबा या नावाने वैद्य जपून ठेवीत, आणि बाळाची लाळ फार गळू लागली की ती सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावीत. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ डॉ. जे. जी. वैद्य यांनी सहकाऱ्यासह १९९३ मध्ये या लोकौषधींविषयी लिहून ती माहिती जगापुढे ठेवली. मध्य भारतातील बैगा समाजातही खोडावरच्या आळंबीचे औषधी उपयोग संशोधकांनी नोंदविले आहेत. मात्र वाचकांनी कोणत्याही खोडावरची फळी आणून घरी काढा करण्याचे धाडस करू नये. जाती ओळखणे तज्ज्ञांचे काम आहे, आणि दुखण्यासाठी डॉक्टर आहेत.

पोकळ झाडाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. धनेश पक्ष्याला एवढी मोठी चोच असूनही खोडात घर कोरता येत नाही. मादी ज्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबविते, ती ढोली जुन्या झाडात आयतीच तयार असावी लागते. पिंगळा, राघू, सातेरी मधमाश्या, या सर्वांची हीच गरज. आणि ती ढोली घडविणारा कारागीर बहुधा हीच बुरशी असते. सगळी ‘सडकी’ झाडे काढून टाकली, तर गावाभोवती झाडे राहतील, पण त्यांत राहणारे कोणी राहणार नाही.

मग आळंबी दिसली म्हणजे करावे काय? पहिली गोष्ट, ती कोठे आली आहे ते पाहावे. उंच फांदीवर असेल, तर बहुधा ती फांदी काढल्याने काम भागते. खोडाच्या मध्यावर असेल, तर लाकडी हातोड्याने खोडाभोवती ठोकून आवाज ऐकावा; भरीव आणि पोकळ भागांतील फरक सुताराच्या कानाला चटकन कळतो. पोकळीभोवती उरलेल्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एकतृतीयांश असली, तर असे झाड सामान्यतः वारा सोसते, असा एक ठोकताळा वृक्षतज्ज्ञ वापरतात. तो सर्वत्र लागू पडतोच असे नाही. सर्वांत गंभीर असते ती अगदी बुंध्याशी, मातीलगत आलेली आळंबी. तिच्यामुळे मुळे गेल्याची शंका येते, आणि वरून हिरवेगार दिसणारे झाडही ज्येष्ठातल्या वावटळीत समूळ उन्मळते. बुंध्याजवळची माती फुगली वा भेगाळली असेल, झाडाचा कल नव्याने वाढला असेल, तर वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट, झाडाखाली कोण वावरते याचा विचार करावा. शाळेच्या आवारातील किंवा बाजाराच्या जागेतील झाडाला जो नियम, तो रानातल्या झाडाला नाही. शाळेजवळच्या झाडाबाबत शंका असेल, तर वनखात्याच्या जाणकारास बोलावून दाखवावे, आणि तोडणे आवश्यक ठरले तर रीतसर परवानगीने तोडावे. तेथे भावनेला थारा देऊ नये. पण पुष्कळदा वजन हलके करण्यापुरत्या फांद्या उतरविल्या, किंवा बसण्याची जागा झाडापासून दूर हलविली, तरी धोका टळतो आणि झाडही वाचते.

तिसरी गोष्ट, ढोलीत सिमेंट भरू नये. ही पद्धत एके काळी जगभर होती, आता तज्ज्ञांनी ती सोडली आहे. झाड वाऱ्यात झुलते, सिमेंट झुलत नाही. दोहोंच्या मधल्या फटीत ओल साठते आणि झाडाने घातलेले बांध घासून फुटतात. आतले कुजके लाकूड निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडणे हेही तसेच अपायकारक. आणि नुसती फळी खरवडून काढल्याने तर काहीच साधत नाही. आतला जीव आतच राहतो, आणि आपल्याला मिळणारी सूचना तेवढी नाहीशी होते.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नवे रस्ते, नव्या इमारती, नव्या विद्युत्‌वाहिन्या ओघाने येणारच, आणि त्यांच्या वाटेत जुनी झाडे येणार. त्यांपैकी कोणते ठेवावे आणि कोणते काढावे, असा प्रश्न गावोगाव निघेल. तेव्हा खोडावरच्या या आळंबीची साक्ष जरूर काढावी, पण तिच्यावर आरोप ठेवून मोकळे होऊ नये. तिच्या आधी कोणाची आग, कोणाची कुऱ्हाड वा कोणाचे सिमेंट तेथे येऊन गेले, तेही विचारावे. येत्या फाल्गुनात मोह गळू लागण्यापूर्वी आपापल्या धुऱ्यावरच्या झाडाचा बुंधा प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावा, आणि पाला पेटविण्याऐवजी झाडणीने बाजूला सारावा, एवढी विनंती करून या महिन्याचे लेखन आटोपते घेतो.